भिंतीशी थांबणारा बाहुला

हे इथे लिहावं की नाही, यात बराच वेळ गेला. कारण आमच्या घरात हा विषयच नव्हता. आम्ही बौद्ध, घरात देव्हारा नाही, मग भूत कुठून येणार? त्यात बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाच्या अंगात आलं की शांतपणे म्हणायचे, "आधी त्यांना साखर-पाणी द्या, मग बोलू." मी त्यांचीच मुलगी, आणि धंदा प्रोग्रॅमिंगचा. कॉम्प्युटर चुकला असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. चुकतो तो माणूस.

ठिकाण अलिबागजवळचं नागाव. रस्त्याला लागून होमस्टेच्या पाट्या, त्यांच्या मागे नारळाच्या वाड्या. बाबांनी निवृत्तीनंतर इथे लहानसं घर बांधलं. आई आधीच गेली होती आणि मी पुण्यात, त्यामुळे या घरात मी कायम पाहुणीच. मागच्या वर्षी बाबा गेले. मी आवराआवरी करायला म्हणून आले आणि राहिले. नोकरी सोडलेली होती, स्वतःचा एक छोटा गेम करायचा होता. नारळाच्या वाडीत माणसं आपापली कामं करत फिरतायत, खेळणारा त्यांच्या मागे मागे जातो... एवढाच. वाडी म्हणून मी आमचंच आवार घेतलं. मोबाइलवर फोटो काढून त्याचं थ्रीडी मॉडेल बनवलं — घर, विहीर, मागची कुंपणभिंत, सगळं.

शनिवार-रविवारी बीचवर ही गर्दी. सोमवारी सगळं सुनं. दूधवाला पिशवी गेटला अडकवून जायचा. दिवसच्या दिवस मी तोंड उघडायचे ते फक्त पुण्याच्या निखिलशी, कॉलवर. तो गेमची चित्रं करायचा. मनात ठरवलं होतं, डेमो झाला की घर विकायचं आणि परत जायचं. इथे माझं होतं कोण?

तर मुद्द्याचं. गेममधल्या माणसांना वाट शोधता यावी लागते. माझ्या इंजिनमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा करतात त्यात, ती सोय होती, पण आमच्या आवारात चढ-उतार, नारळाची आळी... माणसं अडखळायची. म्हणून मी बाहेरची एक लायब्ररी घेतली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून फुकट ठेवलेला तयार कोड, शेजाऱ्याची शिडी आणून आपल्या झाडाला लावावी तसा. लावणं सोपं नव्हतं. ती लायब्ररी आणखी दोन लायब्रऱ्या मागत होती, त्यातली एक माझ्या इंजिनच्या व्हर्जनशी जुळेना. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी चाललं.

चाचणीसाठी तिच्यासोबत एक करडा बाहुला येतो. चेहरा नाही, कपडे नाहीत. त्याला सांगितलं, घराच्या पायरीवरून विहिरीपर्यंत जा. गेला. झक्कपैकी गेला. मी खूश होऊन जेवले.

दुपारी पुन्हा चालवलं, तर बाहुला विहिरीकडे गेलाच नाही. घराला वळसा घालून मागे गेला आणि कुंपणभिंतीशी, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ. मग आपणहून परत फिरला आणि पायरीवर आला.

बग असणार, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी सकाळी — नीट. दुपारी चहाच्या सुमाराला — भिंत. तिसऱ्या दिवशी तेच. लायब्ररीचा कोड मी ओळ न् ओळ वाचला. त्यात वेळेचा उल्लेख नाही. थांबण्याची तर आज्ञाच नाही! लायब्ररी काढली, इंजिनच्या जुन्या सोयीवर चालवलं. दुपारीही बाहुला विहिरीकडे, अडखळत का होईना. परत लावली, परत भिंत. निखिलला सगळा प्रोजेक्ट पाठवला. त्याच्याकडे सकाळ-दुपार सगळं सुरळीत.

"तुझ्या बाहुल्याला चहा हवा असेल," तो म्हणाला.

"गंमत नको रे. डेमो अडलाय."

"मग मॉडेल तपास. तुझ्या त्या भिंतीला खरोखरच भगदाड असेल, फोटोत आलं असेल. त्याला तिथून वाट दिसत असेल."

हे पटण्यासारखं होतं. मी त्या भिंतीकडे कधी गेलेच नव्हते. मागे सुकलेल्या झावळ्या, पाला, डास. फोटोही लांबूनच काढलेले. मोजायची टेप घेतली आणि त्याच दुपारी गेले. पाल्यात पाय घोट्यापर्यंत बुडत होते, चालताना नुसता कुरकुर आवाज. भगदाड-बिगदाड काही नव्हतं, भिंत धड होती. बाहुला थांबायचा नेमक्या त्या जागी भिंतीला टेकून एक जांभ्याचा चिरा आडवा ठेवलेला, बसायला ठेवतात तसा.

"इथे कोण बसतं?" मी मोठ्याने म्हणाले. एकटं राहिलं की अशी सवय लागते.

पलीकडून आवाज आला, "आज बोललीस. बरा झाला."

टेप माझ्या हातातून पडली.

"घाबरू नको गो. मी हिरामण. यष्टीत ड्रायव्हर व्हतो. तू मास्तराची पोर ना?"

त्यांचं दार पलीकडच्या आळीत. गुडघे गेल्यामुळे ते फिरत नव्हते. पण मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून रोज दुपारी बसत. आणि भिंतीच्या अलीकडे बाबा त्या चिऱ्यावर. दोघांच्या हातात आपापला चहा. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न बघता ते गप्पा मारत होते. पाऊस, पेन्शन, क्रिकेट, माझी नोकरी. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"मास्तर गेला तवा मी पनवेलला पोरीकडं व्हतो. पायाचा आपरेशन. माती द्यायला पन न्हाय भेटला," ते म्हणाले. "परत आयलो आन् वाटला, आता कोनाशी बोलाचा? पन तू येवाला लागलीस."

"मी?"

"रोज तर येतंस. पाला वाजतो, बसल्याचा आवाज येतो. मी आपला बोलतो, तू गप. वाटला लाजतं पोर. नायतर बापाची याद येत असंल."

मी पायाखालच्या पाल्याकडे बघितलं. मी आले तेवढीच वाट त्यात दबलेली होती. बाकी सगळा जसा पडला तसा. चिऱ्यावर मात्र एक पान नव्हतं.

"काल पन आयली व्हतीस ना?" त्यांनी विचारलं. आवाज जरा सावध झाला होता.

म्हातारा माणूस, एकटा. काय सांगायचं होतं मी त्यांना? "हो काका," म्हटलं. "मीच होते."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मी चिऱ्यावर बसले. मग कितीतरी वेळ आम्ही बोललो, म्हणजे तेच बोलले.

त्या दिवसापासून दुपारी मी चहा घेऊन मागे जाते. त्या वेळेला प्रोजेक्ट चालवून बघितलेला नाही, बघणारही नाही. डेमो सकाळी दाखवला. घर विकायचं सध्या थांबवलंय. निखिल म्हणतो, पाल्यात मुंगूस असेल आणि बाहुल्याचा दोष माझ्या मशीनचा. असेलही. मुंगूस पाला वाजवतं. पण बसल्याचा आवाज? मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही, तुमच्यापैकी कुणी प्रोग्रॅमर असेल तर जरूर सांगा.

मात्र एक गोष्ट मी काकांना सांगितली नाही, निखिललाही नाही. माझा या कशावर विश्वास नाही, आजही नाही. तरी त्या संध्याकाळी घरात येऊन मी खूप रडले. हिरामणकाका पनवेलहून परतले, त्याच्या कितीतरी आधीपासून मी या घरात एकटी बसले होते. माझी खिडकी त्या चिऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या खिडकीखाली पाला एकदाही वाजला नाही.