मागची सीट

आमच्या ओसरीत मारुतीची मागची सीट अजून सोफा म्हणून आहे. उन्हानं तापली की रेक्झिनचा वास सुटतो आणि लातूरच्या मोंढ्यातला, मालाच्या गाड्या तोलायचा भुईकाटा आठवतो.

नांदेडच्या मोटार शर्यतीसाठी मी गाडीतून सीट, गालिचे, स्टेपनी, सगळं उपसलं होतं. तरी काट्यावर वजन म्हणावं तसं उतरेना.

"सर, आधी तुमी तर उतरा!" हमीद मिस्त्री ओरडले.

मी उतरलो. आकडा धाडकन खाली आला.

"गाडी लई हलकी हाय. डायव्हर जड हाय."

डबा घेऊन आलेली बायको हसत म्हणाली, "मंग मी बसू का?"

चेष्टेचेष्टेत मी किल्ली दिली. शर्यतीत तिनं धुरळा उडवत पहिला नंबर काढला.

किल्ली अजून तिच्याकडंच आहे.