चार बोटं गवत

अखिल महाराष्ट्राने, निदान पेण तालुक्याने तरी, उभं राहून ऐकावी अशी एक गंभीर घोषणा मी आज करतो : अंगणातलं लॉन चार बोटांच्या खाली कापू नये. मी कापलं होतं. मुलगी आता रोह्याला सासरी सुखात आहे, म्हणून बोलायचं धाडस करतोय.

तिचा साखरपुडा हॉलमध्ये करायचं ठरत होतं. मीच छाती काढून म्हणालो, "हॉल कशाला? आपलं लॉन आहे ना!" रोह्याच्या मंडळींच्या डोळ्यांत भरावं असं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

एप्रिलचं ऊन. आठवडा उरला तेव्हा मी गवत कापायच्या मशीनचा खटका सगळ्यात खालच्या खाचेत टाकला. बागेत कामाला येणाऱ्या, जवळच्या गडब गावच्या मावशींनी गवताला चार बोटं आडवी लावून दाखवली.

"दादा, एवढं तरी ऱ्हाऊ द्या. मुळाला सावली नको?"

"मावशी, हे लॉन आहे. भात नाही."

"भात कापला की त्याचं काम संपलं. याला जगायचं हाय."

मी लॉन कॅरमबोर्डासारखं गुळगुळीत केलं. तीन दिवसांत ते भाजलेल्या पापडासारखं दिसू लागलं. पाणी सोडलं, तर चिखल तेवढा झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, हॉल अजून मिळेल."

छे! माझ्या मित्राचा गणपतीचा कारखाना आहे. तो म्हणाला, "अरे, मी देवाचं पितांबर रंगवतो, तुझं गवत काय घेऊन बसलास?" रंग फवारायचा कॉम्प्रेसर आणून त्याने तासाभरात लॉन पोपटी केलं. त्याच उत्साहात मी मिशांनाही कलप लावून घेतला.

मंडळी आली. "वा, काय हिरवळ!" झालं. मी मिशांवर हात फिरवत होतो. मुलाच्या आजीने मात्र खुर्ची नाकारली आणि लॉनवरच फतकल मारली. अंगठ्या झाल्या, पेढे झाले. उठताना आजीने घामेजला हात गवतावर टेकला. तळवा हिरवा. लुगडं मागून हिरवं.

मुलगी माझ्याकडे बघेना. आजीने तळव्याचा वास घेतला, मग माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि शेजारी उभ्या सुनेला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, खणखणीत आवाजात म्हणाली,

"अगो, गवत रंगवलंय यांनी! त्या मिशा बी जरा पुसून बघ गो!"