जरा कळ काढा

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच म्हणा, पण निदान तोंडातला चहा आधी गिळून घ्या. मग म्हणू नका, सांगितलं नव्हतं!

ओतूरला माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान. विहिरीवरच्या जळक्या मोटारी उकिडवं बसून उघडण्यात निम्मा जन्म गेला. आणि एका वर्षी मांड्यांतलं बळच गेलं हो! खाली बसलो की उठता येईना. एसटीची पायरी चढायची तर विजार धरून पाय वर ओढावा लागायचा. दुकानात बायकोच्या, सुमनच्या, खांद्याला धरून उठायचो. गिऱ्हाइकासमोर काय ती शोभा!

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्नायूंना आतून सूज असावी. औषध आहे, पण आधी खात्री हवी." म्हणून डाव्या मांडीतला छोटा तुकडा काढून तपासला. तर तो ठणठणीत!

"ही सूज सगळीकडे सारखी नसते," बाई म्हणाल्या. "आता एमआरआय करू. सूज कुठं आहे ते चित्रात दिसेल, मग तिथलाच तुकडा घेऊ. फक्त हलू नका. हललात तर चित्र पुसट येईल."

मला हे पटलं. कुठलं कॉइल जळालंय ते आधी बघावं, मग हात घालावा. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा उगाच कापून घ्यायची मला भीती वाटत होती.

एमआरआयच्या खोलीबाहेर टेक्निशियन उभा. अगदी शुद्ध बोलणारा माणूस.

"काका, अंगावर लोखंड नाही ना?"

"छ्या!" म्हणत मी खिशातून टेस्टर, तीन नट आणि एक पान्हा काढून दिला.

त्यानं मला आत झोपवलं, कानात कापूस घातला आणि हातात नळी लावलेला रबरी चेंडू दिला. "ही घंटीची कळ. त्रास झाला तर दाबा."

मशीन सुरू झालं. ठक ठक ठक, घर्रर्र! माझ्या मनात पहिला विचार आला, ह्याचं बेअरिंग गेलंय. पण म्हटलं, आपल्याला काय करायचंय?

थोड्या वेळानं आवाज थांबला आणि कापसातून टेक्निशियनचं बोलणं आलं, "काका, दहाच मिनिटं... जरा कळ काढा."

आता तुम्ही म्हणाल, मराठी माणसाला एवढं कळू नये? अहो, एरवी कळतं! पण हातात साक्षात कळ दिलेली. म्हटलं, बिघडली असेल बिचारी. काढा म्हणतोय, तर काढू.

मशीन परत घरघरायला लागलं. नळी घट्ट बसलेली. मी टाचा रोवल्या, दोन्ही हातांनी जोर लावला. चेंडू दाबला गेला, बाहेर घंटी वाजायला लागली. मला वाटलं, काम बरोबर चाललंय! शेवटी फट्कन निघाली.

टेक्निशियन धावत आला. "काय झालं काका? कुठं दुखतंय?"

मी ऐटीत चेंडू पुढं केला. "काढली. लई घट्ट व्हती!"

तो चेंडूकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. "अहो काका, मी म्हणालो, थोडा धीर धरा!"

"मग तसं म्हणायचं ना राव!"

बाहेर थांबलेल्या सुमनचा दारातून आवाज आला, "आवं, हितंबी दुकान मांडलं का तुमी?"

चित्रात माझ्या मांड्या म्हणजे नुसता धूर. परत पहिल्यापासून सुरुवात. या वेळी मात्र नाकावर खाज सुटली तरी मी दगडासारखा पडून राहिलो. आणि दिसलं की! उजव्या मांडीत पुढच्या बाजूला सूज पांढरीफटक उमटली होती. तिथला तुकडा घेतला, दुखणं सापडलं, गोळ्या सुरू झाल्या.

काही महिन्यांनी एका सकाळी दुकानात उकिडवा बसलो आणि कुणाला न धरता उठलो. डोळ्यांत पाणी आलं हो. सुमनच्याही आलं.

पण खांदा मोकळा झाला तशी तिची जीभही मोकळी झाली. आठवड्याच्या आत ही गोष्ट सगळ्या बाजारात पसरली.

परवा पिंपळवंडीचं एक गिऱ्हाईक आलं. "राव, मोटार कवा देताय?"

मी आपला सवयीनं बोलून गेलो, "पावणं, जरा कळ काढा."

त्यानं शांतपणे भिंतीवरच्या बटणाकडं बघितलं आणि माझ्यापुढं हात पसरला.

"काढतो की. पान्हा द्या."