डाळिंबी टिकलीची वायर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे होम थेटर धुणं.

धुणं म्हणजे धुणंच. घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. घरातल्या वाकळा, गोधड्या, डबे, पातेली, सगळं बाहेर काढून घासायचं, धुवायचं, उन्हात टाकायचं. जे घरात हाय ते धुतलंच पाहिजे, हा तिचा कायदा. तिनं मलाही धुऊन दोरीवर टाकलं असतं, पण मी दरसाल बराबर त्याच दिवशी टेंभुर्णीला काम काढायचो. या साली काम निघालं न्हाई.

होम थेटर पोरानं पुण्याहून आणल्तं. एक मशीन, पाच स्पीकर अन् वूफर नावाचा एक ठोकळा. मशीनला पोरगं रिसीव्हर म्हणतं. मी चौथीत शाळा सोडली, तिनं तर शाळेचं तोंड बघितलं न्हाई, म्हणून त्यानं आमच्यासाठी हुडकून असं मशीन आणलं की ज्याच्या पाठीवर सगळं इंग्रजीत लिहिलंय. मधला स्पीकर टीव्हीखाली, दोन टीव्हीच्या दोन बाजूंना, एक माझ्या खाटेमागं धान्याच्या कोठीवर अन् एक चुलीकडच्या दाराच्या चौकटीवर. आता गॅस हाय, तरी आम्ही चुलीकडंच म्हणतो. सिनेमातला माणूस बोलला की मधल्या डब्यातून बोलायचा, गाणं अन् मारामारी बाकीच्यांतून यायची. वूफरवर मांजर बसायचं. त्याच्याकडं कौतुकानं बघणारं घरात तेवढं एकच होतं.

जाताना पोरगं म्हणलं, "आबा, मागच्या वायरींना हात लावू नका."

जी बाई दरसाल जातं सरकवून त्याच्याखालचं झाडत आली, ती वायरीखालची धूळ सोडंल का? मागच्या साली मी बाजारात असताना तिनं टिकल्यांचं पाकीट घेतलं. मशीनच्या ज्या भोकात जी वायर, त्या भोकावर एक टिकली लावली अन् तशीच टिकली त्या वायरीच्या टोकाला गुंडाळली. हिरवी, पिवळी, निळी, लाल, डाळिंबी. वूफरची वायर जाडी, ती बिनटिकलीची ओळखू यायची. मंग सगळ्या वायरी उपसल्या, पुसल्या, परत लावल्या. संध्याकाळी मी आलो तर आवाज बराबर. मला कळलंसुद्धा न्हाई. या साली मी मदतीला बसलो, म्हणून बिघडलं.

दुपारची लाईट गेल्ती. टीव्हीच्या मागं अंधार. तिचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून वाकायचं मी अन् टॉर्च तिच्या हातात. ती रंग सांगायची, मी वायर खुपसायचो.

"हिरवी."

"लावली."

"पिवळी."

"लावली."

"निळी."

"निळी कधीची लावली. पुढं बोल."

"आता डाळिंबी. टीव्हीखालच्या डब्याची."

"ही का?"

"ती लाल हाय. चुलीकडल्या डब्याची."

"हीच डाळिंबी हाय."

"आवं, ती लाल. लुगड्याच्या दुकानात बी असंच करता तुम्ही, म्हणून तर मी एकटी जाते."

"लाल ते लाल. त्यात काय डाळिंबी अन् काय जांभळी."

"एक डाव तरी माझं ऐका."

न्हाई ऐकलं. मला जी डाळिंबी वाटली ती डाळिंबीत घातली, उरलेली लालमध्ये. तिनं टॉर्च माझ्या तोंडावर मारली अन् थोडा वेळ तशीच धरली, जसा काही मी चोर सापडलो. मंग म्हणली, "लाईट आली की कळंल," अन् वाकळा वाळल्या का बघायला बाहेर गेली.

एक वाकळ तिनं घडी करून ओट्यावर ठेवली. दुसरी मांडीवर घेऊन बसली. मी आतून पाणी मागितलं. दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्यांदा मागायच्या आधी बाहेर आलो, तर ती तशीच बसलेली, मान भिंतीला टेकवून.

माणसं जमली तेव्हा लाईट आली. मशीनचा लाल दिवा लागला. कोणीतरी पिन उपसली.

त्यानंतरचे दिवस म्हणजे सल्ल्यांचा बाजार. जी बाई यायची ती म्हणायची, भाग्याची होती, कुंकवानिशी गेली, नवऱ्याच्या आधी गेली. हिरवं लुगडं, बांगड्या, मळवट, सगळं तिला मिळालं. शेजारी भावाचं घर, तिथली माझी भावजय तर माझ्यासमोरच म्हणली, "असं मरण यायला पुण्याई लागती." म्हंजे बिनपुण्याईचा कोण राह्यला ते सगळ्यांना कळलं. या साली आमच्याकडं घट बसले न्हाईत. सुतकात घरात चूल पेटली न्हाई. तेराव्याचं जेवण भावाच्या अंगणात झालं. पुढं चहा अन् भाकर तिकडूनच येत राह्यली, अन् मी चुलीकडं पाऊल टाकलं न्हाई. कोणी विचारलं की म्हणायचो, पाय दुखतेत.

चौदाव्या दिवशी पोरगं पुण्याला निघालं. मोटारीत बसताना म्हणलं, "आबा, टीव्ही लावत जा. मन रमतं."

बायको गेल्यावर काय करावं याचा त्यानं बराच अभ्यास केलेला दिसला.

मी टीव्ही लावला. बातम्या नको, भजन नको, म्हणून तिचीच मालिका लावली. खाटेवर बसलो, पाठ चुलीकडं. टीव्हीवर एक बाई तोंड हलवत होती, अन् तिचा आवाज येत होता माझ्या पाठीमागून, चुलीकडल्या दारातून. "ऐकताय ना?" बाई म्हणली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "हा, बोल."

मंग मी मागं बघितलं. चौकटीवर डबडं होतं. खाली कोणी न्हाई.

मी मशीन बंद करायला पाहिजे होतं. न्हाई केलं. दुसऱ्या दिवशी बराबर त्याच वेळेला लावलं. ती मालिकेतली बाई एक नंबरची कारस्थानी. माझ्या बायकोनं जन्मात जेवढे डाव टाकले न्हाईत तेवढे तिनं चहाच्या जाहिरातीच्या आत टाकले. पण आवाज बाईमाणसाचा होता अन् चुलीकडून येत होता. मी भाकर खायचो, मागं बोलणं चालू असायचं. मागं वळून बघायचं न्हाई एवढंच पथ्य. माणूस कशावर जगतो याचं मला आता नवल वाटत न्हाई.

चूक माझी झाली. पोराचा फोन आला, आवाज कसा येतो म्हणून त्यानं विचारलं, अन् मी खरं बोलून गेलो.

"बोलणं मागून येतं. चुलीकडून."

झालं. मेलेल्या आईचं त्याला काही करता आलं न्हाई, पण मशीनचं करता येण्यासारखं होतं. तीन दिवस त्यानं फोन सोडला न्हाई.

"आबा, आधी बंद करून चालू करा."

"केलं. बाई अजून चुलीकडंच हाय."

"रिमोटवर सराउंडचं बटण दाबा. एस पासून सुरू होतं."

"एस कसा असतो?"

"सापासारखा. वळणावळणाचा."

"इथं चार साप हायत."

"बरं, ते राहू द्या. व्हिडिओ कॉल लावतो, मला मशीनची मागची बाजू दाखवा."

मी त्याला दहा मिनिटं घराचं छत दाखवलं. मुद्दाम दाखवलं असं कोणी म्हणंल तर म्हणू द्या. मला ते दुरुस्त व्हायलाच नको होतं. बोलणं एकदा टीव्हीखाली गेलं की माझ्या मागं काय राह्यलं? रिकामं दार.

"राहू दे रे," मी म्हणलं. "मला चालतंय."

"असं कसं चालतंय? तुम्ही काही बोलू नका, मी माणूस पाठवतो."

माणूस आला. टेंभुर्णीचा मेकॅनिक, माझ्या पोराच्याच वयाचा, टीव्हीपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं खोलणारा. मशीन फिरवून त्यानं मागं बघितलं अन् हसला.

"बाबा, मशीनला सवाशीण करून ठेवलं की."

मंग त्याची नजर भिंतीवर गेली. हार घातलेला फोटो नवाच होता. त्याचं हसू तिथंच राह्यलं अन् तो उगंच पेचकस हुडकायला लागला. पेचकस त्याच्या हातातच होता.

त्यानं रिमोटवर काहीतरी दाबलं. मशीन आपोआप एकेका डब्यातून फुस्स-फुस्स आवाज काढायला लागलं, जसा काही डब्यात साप हाय. ज्याचं नाव पडद्यावर येईल त्याच डब्यातून फुस्स झालं पाहिजे, म्हणला. टीव्हीच्या डाव्या बाजूला झालं. मंग पडद्यावर मधल्याचं नाव आलं, अन् फुस्स झालं चुलीकडं. उजवीकडं झालं, कोठीवर झालं, अन् चुलीकडल्याची पाळी आली तेव्हा टीव्हीखाली झालं.

"मशीन चांगलं हाय बाबा. डबे चांगले हायत. दोन वायरींची अदलाबदल झालीय," तो म्हणला. त्यानं टॉर्च मारली. "हे बघा, टिकल्या बिलकुल बराबर लावल्यात. लावणारी हुशार होती. पण लाल टिकलीची वायर डाळिंबीत घातलीय अन् डाळिंबीची लालमध्ये. हे काम दुसऱ्या कोणाचं दिसतंय. कोणी घातल्या?"

"उंदरानं," मी म्हणलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "रंग न दिसणारा उंदीर दिसतोय." अन् वायरीला हात घातला.

"राहू दे."

"दोन मिनिटांचं काम हाय बाबा."

"तुझी दोन मिनिटं तुझ्यापाशी ठेव. हात काढ."

भिंतीपलीकडं हाक मारून मी चहा मागवला. भावजय कप घेऊन आली. मेकॅनिकनं तिला सांगितलं की बिघाड सापडलाय, पण बाबा दुरुस्त करू देईनात. ती म्हणली, "हे पहिल्यापासून असेच. तिचं बिचारीचं तरी कधी ऐकलं का?" मेकॅनिक चहा पिऊन गेला. पोराला फोन करून त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवशी पोराचा फोन आला न्हाई.

मालिकेच्या वेळेला मी टीव्ही लावला. पाठ चुलीकडं करून बसलो. बाई मागून बोलायला लागली. कोणाचा तरी हार चोरीला गेल्ता अन् तो सुनेच्या कपाटात ठेवायचा होता. मी कान देऊन ऐकलं. त्या सगळ्या बोलण्यात माझ्यासाठी एक शब्द न्हवता. मी जेवलो का, गोळी घेतली का, दाराला कडी लावली का, काही न्हाई. बायकोनं माझ्याशी बोललेलं शेवटचं बोलणं त्या दोन वायरींचंच होतं. ते ऐकायचं सोडून मी या दुसऱ्याच बाईला हुंकार देत बसल्तो. अर्ध्यातच टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर लाईट न्हवती. तिच्या आरशाच्या चौकटीत टिकल्यांचं पाकीट खोचलेलं होतं, तेच, निम्मं संपलेलं. ते घेऊन अंगणात गेलो अन् उन्हात धरलं. लाल अन् डाळिंबी शेजारी-शेजारी होत्या. वेगळ्या होत्या. आंधळ्याला दिसाव्या एवढ्या वेगळ्या होत्या.

आत आलो. टॉर्च धरायला माणूस न्हाई, दातात धरावी तर दात न्हाईत, म्हणून गाल अन् खांद्याच्या मधी दाबली. टीव्हीच्या मागं वाकलो. पाकिटाला लावून लावून एकेक वायर बघितली. दोन्ही उपसल्या. डाळिंबी डाळिंबीत घातली, लाल लालमध्ये. एक टिकली सुटून बोटाला चिकटली, ती थुंकी लावून परत भोकावर दाबली. मंग खाटेवर बसून लाईटीची वाट बघितली.

लाईट आली. टीव्हीवर एक माणूस सकाळी सकाळी राशी सांगत होता, टीव्हीखालून, जिथून बोलायचं तिथून. मागं काही न्हवतं. मी तसाच बसून त्याच्या तीन राशी ऐकल्या. माझी त्यात न्हवती.

मंग भिंतीपाशी जाऊन भावजयीला सांगितलं, आज चहा पाठवू नको. ती का म्हणून विचारीपर्यंत मी आत आलो. चुलीकडं गेलो. चहाचं पातेलं बायकोनं दसरा काढताना घासून पालथं घातल्तं, ते तसंच होतं. ते सरळ केलं, पाणी घातलं, अन् गॅस पेटवला.