डावी टाच

"हो" म्हणायचं असेल तर ती डोळे छपराकडे न्यायची. "नाही" असेल तर डावी टाच जमिनीवर आपटायची. वाचा नव्हती, बाकीचं शरीर तिचं ऐकत नव्हतं. पण तिचं ते "नाही" तुम्ही एकदा ऐकलं असतं, तर विसरला नसता.

अर्नाळ्याला बोंबील वाळत घालता घालता तिची आई दिवसभर तिच्याशी बोलायची. कोण येऊन गेलं हे जाणून घ्यायचं, तर आळीतली घरं ओळीने म्हणायची. नेमकं घर आलं की लेकीचे डोळे वर.

घरात एकटी असताना तिने एकाला त्यांचं जाळं चोरताना पाहिलं. ती किंचाळली, म्हणून त्याने तिचा हात पिरगळून मोडला. तो कोण, हे आईला याच रीतीने कळलं. चौकीतला हवालदार मात्र म्हणाला, बोलता येत नाही तर जबाब कसला घेणार?

मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो. कोर्टात द्यायचा तिचा अर्ज पेटून लिहिला आणि तिला वाचून दाखवला. "मी एक असहाय अबला..." टाच. मी "पीडित" केलं. पुन्हा टाच. आई हसली. "हात मोडलाय रे तिचा. ती नाय मोडली." शेवटी अर्जात उरलं ते एवढंच : माझा हात मोडला. कोणी मोडला, ते मला सांगायचं आहे.

कोर्टात आरोपीचा वकील म्हणाला, हे सगळं आईच पढवते. न्यायाधीशांनी आईला बाहेर बसवलं. जाताना ती म्हणाली, "सायब, घरं ओळीनं विचारा. घाई नको."

न्यायाधीश आळीच्या यादीतलं एकेक घर वाचू लागले. टाच. टाच. "आणि माझं घर?" वकिलाने खोचून विचारलं. टाच एवढी जोरात आपटली की शिपाईही हसला. सातव्या घराला डोळे वर गेले. मग त्या घरातली माणसं एकेक. मग सगळी यादी उलटीकडून. उत्तर तेच. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी कितीतरी सभा गाजवल्या होत्या. एवढी माणसं अशी श्वास रोखून ऐकताना कधी पाहिली नव्हती.

"लिहा," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले, "साक्षीदार सांगते की..."

त्याला शिक्षा झाली. काही वर्षांनी ती गेली.

तिच्या खाटेपाशी, टाच पडायची तिथे, वाटीएवढा खळगा आहे. आई अजून जमीन सारवते. खळग्याशी आली की हात कडेकडेने फिरवते.