दुपारच्या सुट्टीची केस

वकिलाच्या ऑफिसात धूळ आणि किस्से, दोन्ही कितीही झाडा, साचतातच! त्यात आमच्या मॅडमनी गेल्या उन्हाळ्यात नरसम्माअक्काची केस घेतली, मग तर विचारूच नका.

अक्का आणि तिच्या मैत्रिणी सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरतात. वारा लागला की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद! एप्रिलमध्ये दोघीजणी चक्कर येऊन पडल्या. अक्काचं मागणं एवढंच, की उन्हाळ्यात दुपारी दोन तास काम बंद ठेवा आणि पगार कापू नका. "ऊन काय आमी वाढवलंय व्हय? मग पगार आमचाच का कापायचा?" मी मॅडमची ज्युनिअर. मला तर तिथंच केस जिंकल्यासारखं वाटलं.

*

पण कोर्टाला पुरावा लागतो. मॅडमनी बिराजदार सरांना गाठलं. सर कॉलेजात विज्ञान शिकवतात. मालकाची परवानगी घेऊन त्यांनी कारखान्यात दोन थर्मामीटर टांगले, एक कोरडा आणि एकाला ओलं कापड गुंडाळलेला. दोन्हींतल्या फरकावरून घाम किती वाळतो ते कळतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी बघतो तर फरकच नाही! दोन्ही थर्मामीटरना ओले टॉवेल गुंडाळलेले. सरांनी कपाळाला हात लावला.

"एकालाच गारवा होय सर?" अक्का म्हणाली. "दुसऱ्यानं काय घोडं मारलंय?"

*

मालकही तसे वाईट नव्हते. तारखेच्या दिवशी अक्का आणि मालक एकाच रिक्षातून कोर्टात यायचे. वाटेत घरच्यांची खुशाली, मुलीचं लग्न, सगळं बोलणं व्हायचं. कोर्टाचं गेट आलं की अक्का सरकून बसायची.

"आता बोलू नका मालक. आपली केस हाय!"

*

सरांची साक्ष होती तो दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. सर शास्त्रज्ञ, त्यामुळे प्रत्येक वाक्यात 'शक्यता' आणि 'बहुधा'. मालकांच्या वकिलांना आयतंच सापडलं.

"पुढच्या वर्षीही असाच उन्हाळा असेल, हे तुम्ही शंभर टक्के सांगू शकता? हो की नाही?"

"शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही," सर शांतपणे म्हणाले. "ही केस जिंकणार असं तुम्ही तरी तुमच्या अशिलाला शंभर टक्के सांगितलंय का?"

मागच्या बाकावरून मालक ताडकन उभे राहिले. "सांगितलंय की!"

*

शेवटच्या तारखेला मात्र आमचे चेहरे उतरले होते. मालकांच्या वकिलांनी झकास भाषण ठोकलं. सोलापूरकरांना उन्हाची सवय आहे, कारखान्यात सकाळ काय आणि दुपार काय, सगळं सारखंच, हे विज्ञान वगैरे उगाच बाऊ आहे! अक्का पदराचं टोक पिळत बसली होती. केस हातची जाते की काय, असं मलाही वाटायला लागलं.

जजसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी स्वतः कारखाना बघतो. उद्या दुपारी दोनला सगळे तिथं या."

मालकांचे वकील लगबगीनं उठले. "साहेब, एक विनंती होती. सकाळी लवकर ठेवता येईल का? दुपारी तिथं पाच मिनिटंसुद्धा उभं राहवत नाही हो!"

जजसाहेब टायपिस्टकडे वळले.

"घ्या. हे वाक्य जसंच्या तसं घ्या."