वनिताची पात

"सर, ती येणार आहे. सीट रिकामी दाखवायची नाही."

प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, कालही तुम्ही हेच म्हणालात. कशावरून येणार?"

कशावरून ते मला तरी कुठे ठाऊक होतं! पण एकदा म्हटलं की मागे घ्यायचं नाही, हा माझा स्वभाव. घरीही त्यावरून रोज बोलणी खाते.

मी नाशिकच्या एका सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवते. दहावीनंतरचा डिप्लोमा होतो, ते कॉलेज. जुलै आला की शिकवणं बाजूला राहतं आणि अ‍ॅडमिशनचं काम गळ्यात पडतं. कॉम्प्युटर मार्कांप्रमाणे सीट देतो. सीट लागली की पालकांना वाटतं, सुटलो. तसं नसतं. ओरिजिनल दाखले घेऊन कॉलेजात हजर व्हावं लागतं, त्याला रिपोर्टिंग म्हणतात. त्या दिवशी रिपोर्टिंगचा शेवटचा दिवस होता. पाचला पोर्टल बंद. जो आला नाही त्याची सीट पुढच्या फेरीत दुसऱ्याला.

आली नव्हती ती वनिता. हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकलेली. दाखले तपासायला ती मामाबरोबर आली होती, तेव्हाच आमची जुंपली होती. पसंतीच्या यादीत बाईसाहेबांनी एकच कॉलेज टाकलेलं, आमचं.

"अगं, चार खाजगी पण टाक! तिथंही तुझी फी सरकारच भरतं."

"फी सरकार भरतं मॅडम. वरचं कोण भरनार? बसचं, ड्रेसचं, डेव्हलपमेंटचं? माझी आतेबहीन त्याच्यापायीच कॉलेज सोडून आली."

पोरगी खोटं बोलत नव्हती. फी माफ झाली की 'वरचं' वाढतं, हे आम्ही आत बसलेले सगळे जाणतो. आमच्याकडे ते वरचं नाही, म्हणून तिनं आम्हाला धरलं होतं. पण त्याचा अर्थ असाही होता की ही सीट गेली तर तिला दुसरं कॉलेजच नव्हतं. मग ती आईबापांबरोबर द्राक्षबागांच्या कामाला जाणार. तिकडून परत वर्गाकडे वळलेली मुलगी मी फार क्वचित पाहिली आहे.

सकाळपासून मामाचा फोन लावत होते. शेवटी लागला.

"मॅडम, ती आवनीत हाय. उद्या येती."

"उद्या कशाला येताय, चहा प्यायला? आज पाचला संपलं सगळं!"

मग त्यानं सांगितलं ते असं. आवणी म्हणजे भाताची लावणी. पाड्यावर ती सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. घरटी एक माणूस. वनिताच्या घरची लावणी आधीच उरकली होती. आज चिंधीबाईच्या खाचराची पाळी होती. वनिताच्या आईचा पाय मुरगळलेला, बाप कामावर लांब. म्हणून घरचं माणूस म्हणून वनिता उभी होती.

"अहो, दुसरी कुणी उभी राहील की!"

"मॅडम, त्या समद्या आमच्या खाचरात आल्या व्हत्या. आता आमी नाय गेलो तर तोंड कसं दाखवायचं?"

मला असा संताप आला! सीट सरकारी, फी माफ, हॉस्टेलची सोय, आणि ही चिखलात उभी. म्हटलं, "फोन त्या चिंधीबाईंना द्या."

रेंज टेकाडावरच. म्हातारी खालून चढून येईपर्यंत मी फोन कानाला लावून बसले. धापा ऐकू आल्या.

"कोन बोलतं?"

"कॉलेजची बाई. आज वनिता आली नाही, तर तिची जागा दुसऱ्याला जाईल. परत मिळायची नाही."

"आजच?"

"आजच. पाचच्या आत."

"आनी ही कार्टी सकाळधरनं माझ्या खाचरात वाकलीय! बोलली नाय एका शब्दानं!" मग फोन तसाच हातात धरून ती खाली ओरडली. टेकाडावरून गेलेला तो आवाज मला नाशकात ऐकू आला. "वने! नीघ! तुझी पात आमी धरतो!"

लावणीला बायका ओळीनं उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो, ती तिची पात. पात अर्ध्यात सोडून कुणी जात नाही. वनिताही ऐकेना. तिचं बोलणं मला कळलं नाही, चिंधीबाईचं मात्र स्पष्ट कळलं.

"कर्ज वाटतं ना तुला? मग तिकडं जाऊन फेड. आज तुझी सावड कॉलेजात हाय, समजलं?"

दुपार कशी गेली ते माझं मला माहीत. त्र्यंबकपर्यंत जीप, पुढे एसटी. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. चारला प्राचार्य पुन्हा आले.

"मॅडम, रिकाम्या जागांची यादी करायला घ्या."

"पाचला करते."

"पोर्टल काही आपल्या घरचं नाही."

"म्हणूनच पाचपर्यंत ते तिचं आहे, सर."

ते वळून निघून गेले. मला वाटलं, रागावले. खिडकीतून पाहते तर साहेब स्वतः छत्री घेऊन गेटवर उभे! वॉचमन पास विचारत बसेल, ही धास्ती. तो माणूस मला त्या दिवशी फार आवडला.

पाचला थोडंच राहिलं असताना त्याच छत्रीखालून वनिता आली. मागे मामा. मुलीच्या गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, दाखले खताच्या पिशवीत, पण कोरडे ठणठणीत. मी दाखले पाहिले, ओटीपी मामाच्या मोबाइलवर आला, बटण दाबलं. स्क्रीनवर 'कन्फर्म' आलं आणि माझेच डोळे भरले. वनिता मात्र घड्याळ बघत होती.

"मॅडम, कॉलेज कधी सुरू?"

"सोमवारी. का गं?"

"मग जाते. शेवटची जीप मिळंल. चिंधीमावशीची लावनी राहिली असंल."

प्राचार्य तिच्याकडे बघतच राहिले. ती गेल्यावर म्हणाले, "मॅडम, वेळापत्रक मुंबईला ठरतं. ते आवणीसाठी हलणार नाही. पण आपलं टेबल हलवता येईल ना?"

पुढच्या वर्षी आवणीच्या आधी, हरसूलच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, आम्ही शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. लॅपटॉप, प्रिंटर आणि साहेब स्वतः. दाखले तिथंच तपासले, शेवटच्या तारखा तिथंच सांगितल्या. तेव्हापासून दर वर्षी जातो.

वनिता आता शेवटच्या वर्षाला आहे. नाशकातच, अंबडच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला जाते. बाजाराच्या दिवशी तिथून सुट्टी काढून टेबलावर येते आणि पोरींचे फॉर्म भरते. यंदा एकीनं विचारलं, "ताई, तुला याचे किती मिळतात?"

वनिता हसली. "काय नाय. सावड फेडते."

सरकार फी भरतं, ते भरावंच. माझं एवढंच म्हणणं आहे की फी माफ झाली म्हणून मुलगी कॉलेजच्या दारात पोचत नाही. तिची पात धरायला कुणाला तरी चिखलात उतरावं लागतं.